शरदातील वनफेरी आणि बरणीतील मदनफळ

आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे मास. वर्षाकालात संचित झालेले पित्त या काळी प्रकुपित होते व चिकित्सालयातील वर्दळ वाढते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. द्रव्यसंग्रहाच्या दृष्टीनेही हा ऋतू तितकाच महत्त्वाचा आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. गेल्या आश्विनात महाबळेश्वरनजीकच्या लिंगमळा वनात एक फेरी करण्याचा योग आला. तेथे जे ध्यानी आले, ते वैद्यबंधू व औषधी व्यावसायिक यांच्यापुढे ठेवीत आहे.

महाबळेश्वरहून पाचगणीच्या रस्त्याने सुमारे ६ कि.मी. अंतरावर वेण्णा नदी कड्यावरून खाली झेपावते. तोच लिंगमळ्याचा धबधबा. आत शिरल्यावर पायवाटेला फाटे फुटतात. एक धाकट्या धबधब्याकडे नेतो, दुसरा मोठ्या धबधब्यासमोरील कड्याकडे. चरकाचार्यांनी शरदात आतप व अवश्याय दोन्ही वर्ज्य सांगितले आहेत. म्हणून दव सुकल्यावर निघून ऊन चढण्यापूर्वी परतण्याचा बेत केला.

वाटेवर जांभूळ, अंजनी व पिसा यांची दाट सावली होती. खोडांवरील शेवाळ अद्याप ओले होते. मोकळ्या जागी सोनकीची पिवळी फुले डोलत होती. धबधब्यापाशी पोहोचताच हंसोदकाचे वर्णन आठवले: दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले, अगस्त्योदयाने निर्विष झालेले शरदातील निर्मल जल. ओंजळ पुढे करण्याचा मोह झाला. परंतु प्रवाहाच्या वरच्या अंगास वस्ती व पर्यटकांची गर्दी आहे, हे स्मरून तो आवरला. ग्रंथोक्त गुण स्थळ पाहूनच स्वीकारावा लागतो.

परतीच्या वाटेवर सोबतचे वृद्ध वाटाडे एका काटेरी झुडपापाशी थांबले. “हे वळखलं का, वैद्यबुवा?” मी निरुत्तर झालो. “गेळा हाय ह्यो!” ते हसून म्हणाले. गेळा म्हणजे आपले मदनफळ! वमनासाठी अनेक वर्षे ज्याची योजना केली, ते द्रव्य समोर असूनही मला ओळखता आले नव्हते. धनगर, गुराखी व वनवासी यांना वनस्पती नामरूपाने ज्ञात असतात, असे चरकसंहितेत म्हटलेच आहे. त्या वचनाचा अर्थ त्या दिवशी लज्जेसह उमगला.

फांदीवर लहान पेरूएवढी हिरवी फळे होती. शरदात त्वचा, कंद व क्षीर घ्यावे, असे कल्पस्थान सांगते. शार्ङ्गधरही सर्वसाधारण कार्यासाठी सरस औषधी शरदातच घेण्यास सांगतात. मदनफळाचा विधी मात्र वेगळा आहे. ते वसंत व ग्रीष्म यांच्या संधिकाली, पांडुवर्ण झालेले घ्यावे; हिरवे घेऊ नये. नंतर कुशात बांधून, गोमयाने लिंपून, धान्यराशीत आठ रात्री ठेवावे व सुकवून त्यातील बीजे काढावीत. इतका काटेकोर विधी सांगितलेल्या द्रव्याची आपण खरेदी कशी करतो? केवळ नाव व दर पाहून.

घरी येताच औषधालयातील बरणी उघडली. कित्येक फळे लहान व काळपट होती. फोडली असता बीजे चिमटलेली आढळली. ती कोणत्या मासी तोडली, हे पुरवठादारास सांगता आले नाही. ती बरणी मी वापरातून काढली. त्यापूर्वी ज्या रुग्णांत वमनाचे वेग अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तेथे दोष मात्रेचा की द्रव्याचा, हा प्रश्न आजही मनास टोचतो.

यावर उपाय वनात जाऊन ओरबाडणे हा नव्हे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे. तेथे पाहावे, ओळखावे व रिक्तहस्ते परतावे. गेळा शेताच्या कुंपणासही लावतात. परिचयाच्या एका शेतकऱ्याशी बोलून पिकलेली फळेच उतरविण्याचे ठरविले आहे. औषधालयांच्या चालकांनीही प्रत्येक मालासोबत तीन गोष्टींची नोंद मागावी: संग्रहाचे स्थान, मास आणि द्रव्याची पक्वता. आरंभी पुरवठादार कुरकुरतील; परंतु मागणारे वाढले म्हणजे सांगणारेही निर्माण होतील.

प्रत्येक वैद्याने प्रतिवर्षी निदान एक शरदातील प्रभात वनात, जाणत्या वाटाड्यासमवेत घालवावी, ही नम्र विनंती. बरणीवरील नाव आणि फांदीवरील फळ यांची ओळख पटविणे, हेही चिकित्सेचेच अंग आहे.