आवाज कोणाचा, कान कोणाचे?

सार्वजनिक जागा सर्वांची असते, या एकाच तत्त्वातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. ‘सर्वांची म्हणजे माझीही’, असे एक म्हणतो. ‘सर्वांची म्हणजे एकट्याची नव्हे’, असे दुसरा. अकोला–वाशीम रस्त्यावरील मेडशीस एस. टी.त चढणाऱ्या उतारूला हा वाद समजावून सांगावा लागत नाही. एखादा प्रवासी मोबाईल मोठ्याने लावतो आणि अकोल्याच्या रुग्णालयाकडे निघालेला आजारी मनुष्य तो मुकाट्याने ऐकतो.

आपली खेडी पूर्वी निःशब्द होती असे नव्हे. काकडआरती, सप्त्यातील कीर्तन, लग्नातील वाजंत्री यांनी ती नेहमीच गजबजलेली असत. परंतु त्या आवाजास निमित्त होते, वेळ होती आणि ऐकणाराही त्यात सहभागी होता. मोबाईल वाजतो एकासाठी आणि ऐकावा लागतो सर्वांस. ध्वनिक्षेपकाने तर सबंध गावालाच, न विचारता, श्रोता करून टाकले आहे.

कायदा नाही असेही नाही. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावरील ध्वनिक्षेपकास बंदी केली. बोलण्याच्या स्वातंत्र्यातून दुसऱ्यास सक्तीने ऐकविण्याचा हक्क निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. मुंबईच्या ‘बेस्ट’ने तर २०२३ सालीच बसमध्ये इअरफोनविना मोबाईल वाजविण्यास मनाई केली.

तथापि प्रत्येक बाकावर शिपाई बसविता येत नाही. दिवसभर राबून परतणाऱ्यास गाणे ऐकावेसे वाटले, तर तो गुन्हेगार ठरत नाही. खरे दुखणे निराळेच आहे. आवाज करणारा निर्धास्त असतो आणि ‘जरा हळू लावा’ म्हणणारा भांडखोर ठरतो. वाहकाने हटकले, तर बाकीचे प्रवासी खिडकीबाहेर पाहू लागतात. गावातील ध्वनिक्षेपकाबद्दलही हेच घडते. तक्रार मनात असते, परंतु ती ओठांवर आली की तिला धर्माचा किंवा गटाचा रंग चढतो.

हा क्रम उलटला पाहिजे. विनंती सोसणाऱ्याने करावयाची नसून परवानगी वाजविणाऱ्याने घ्यावयाची आहे. उत्सवातील ध्वनिक्षेपकाच्या वेळा कायद्याच्या मर्यादेत राहून ग्रामसभेने आधीच ठरवाव्यात, आणि त्या सर्व धर्मांस व सर्व पक्षांस सारख्याच लागू कराव्यात. बसमध्ये वाहकाने हटकताच चार प्रवाशांनी त्यास दुजोरा द्यावा. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणूनच दुसऱ्याच्या कानांची काळजी वाहणे हा सार्वजनिक सभ्यतेचा पहिला धडा होय.