जाणत्यांस प्रश्न कसा विचारावा?

ग्रंथालयातील पुस्तके चाळूनही एखादी शंका उरते, तेव्हा जाणत्या माणसाकडे जावे लागते. पूर्वी हे काम टपालाने होत असे. आज देशोदेशीचे अभ्यासक संगणकावरील चर्चागटांत भेटतात. साधन पालटले, तरी विचारण्याची रीत तीच आहे.

१९१३ च्या जानेवारीत मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील एक कारकून, श्रीनिवास रामानुजन, यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र धाडले. त्यात केवळ साहाय्याची याचना नव्हती. स्वतः शोधलेली सूत्रे पानेच्या पाने भरून सोबत जोडली होती. हार्डींनी ती लिटलवुड यांच्यासह तपासली, वाखाणली आणि उत्तरात सिद्धता मागितल्या! खरा तज्ज्ञ असाच असतो.

अलीकडे, २००९ साली, केंब्रिजचेच गणिती टिमोथी गॉवर्स यांनी एक कठीण प्रमेय सर्वांपुढे चर्चेस ठेवले. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० टिपणे लिहिली आणि वाट सापडली. पुढे निबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामायिक नावाने प्रसिद्ध झाला. सहभागी झालेल्यांत एक शाळामास्तरही होते, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता आपल्या गोव्याकडे वळू. 'खाजनाविषयी माहिती द्या' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास कोणी काय सांगावे? इतक्या मोघम प्रश्नाला बहुधा उत्तरच येत नाही. परंतु 'आम्ही मानशीपाशी उभे राहून भरती-ओहोटी पाहिली. भरतीच्या वेळी दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, तरीही खारे पाणी शेतात शिरते, ते कोठून?' असे लिहिले, तर वाचणाऱ्यास कळते की मुलांनी आधी स्वतः डोळे उघडे ठेवले आहेत. त्याची लेखणी आपोआप चालू लागते.

आणि जाणता म्हणजे पदवीधरच, असे मुळीच नव्हे. मानस राखणाऱ्या एखाद्या वृद्धास त्याच्याच कोंकणीत विचारावे. तो कदाचित म्हणेल, बांधाला खेकड्यांनी भोके पाडली असतील. हे उत्तर वहीत त्याच्या नावासह व तारखेसह उतरून घ्यावे, आपल्या निबंधात त्याचे ऋण मान्य करावे. परंतु तेवढ्यावर न थांबता पुढच्या ओहोटीला बांधावर जाऊन ती भोके खरोखरच आहेत का, हे पाहून यावे.