ओल एकीकडे, गळती दुसरीकडे

न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला पोपडे सुटले की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारतो आणि काही महिन्यांत भिंत पुन्हा फुगते. यात त्याचा दोष नसतो. भिंतीतला सांडपाण्याचा पाईप गळत असेल, तर पाणी रंगाच्या मागून येतं. येताना ते विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. पृष्ठभागापाशी पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि बारीक छिद्रांत वाढताना गिलाव्यावर इतका दाब टाकतात की त्याचा आतून भुगा होतो. रंग कितीही महागाचा असला तरी या दाबापुढे टिकत नाही.

बरं, जिथे ओल दिसते तिथेच गळती असेल असंही नाही. विटेत आणि गिलाव्यात सूक्ष्म छिद्रांचं जाळं असतं. नळी जितकी बारीक तितकं पाणी तिच्यात उंच चढतं, हा नियम इंग्रज वैज्ञानिक जेम्स ज्युरिन यांनी १७१८ साली मांडला. नळीची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर हिशेबाने पाणी जवळजवळ दीड मीटर चढतं. प्रत्यक्षात बाष्पीभवन त्याला आधीच अडवतं, तरी फरशीलगतच्या सांध्यातलं पाणी गुडघ्याएवढ्या उंचीवर दिसायला एवढं पुरेसं आहे. उलट बाजूने, पाईपच्या पाठीवरून ओघळत ते खालच्या मजल्यावरही निघतं. म्हणून डागाच्या मध्यावर छिन्नी लावण्याआधी थोडा तपास हवा.

पहिला प्रश्न, पाणी नळाच्या लाइनचं की सांडपाण्याचं? नळाच्या पाईपमध्ये सतत दाब असतो, त्यामुळे तो अखंड गळतो. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर संशय तिकडे. सांडपाण्याचा पाईप मात्र वापरापुरताच गळतो, तोही दर वेळी नाही. आडव्या पाईपमधून पाणी तळाने वाहतं. चीर वरच्या अर्ध्या भागात असेल, तर नळाच्या धारेने काहीच होत नाही, पण बादली एकदम ओतली की पातळी चिरेपर्यंत पोचते आणि थेंब सुटतात. पाईप तुंबला तर आणखी वेगळं. वर मीटरभर पाणी साचलं की सांध्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम भार येतो. एरवी धड वाटणारा सांधा तेव्हा उघडा पडतो.

खाली थेंब पडत असतील तर रंगाची चाचणी उत्तम. बेसिनमध्ये एक रंग, न्हाणी ट्रॅपमध्ये दुसरा, आणि दोन्हींत वेळेचं पुरेसं अंतर ठेवायचं. ही युक्ती जुनी आहे. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी चुनखडकात गडप होऊन कुठे जातं हे शोधण्यासाठी तिच्यात फ्लुरोसिन नावाचा १० किलो रंग सोडला होता. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा चमकू लागला. भिंतीत नुसती ओलच असेल तर मात्र रंगावर विसंबू नये, कारण गिलावा तो वाटेतच धरून ठेवतो.

या तपासाला आपल्याकडे आणखी एक मोल आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामायिक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेकडे असते, तर घरातल्या संडास-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाचा. कुठला पाईप हे कळण्याआधीच वरचे आणि खालचे शेजारी एकमेकांशी बोलायचे थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन बादल्या रंगीत पाण्याने तो वाद मिटू शकतो.

पाईप गळतो कशामुळे? जुन्या इमारतींतल्या बीडाच्या पाईपला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि त्या फुगण्याने पाईप नि भोवतालचा गिलावा दोन्ही तडकतात. पीव्हीसी गंजत नाही, पण उष्णतेने खूप लांबतो. तीन मीटरचा पाईप ४० अंशांनी तापला तर आठेक मिलिमीटर वाढतो, म्हणजे विटांच्या कित्येक पट. तो दोन्ही बाजूंनी सिमेंटमध्ये घट्ट चिणलेला असेल, तर गीझरच्या पाण्याची रोजची ओढाताण सांध्यांना सोसावी लागते. म्हणूनच रबरी रिंगच्या सांध्यात सरकायला जागा ठेवतात.

दुरुस्तीत चिरेवर बाहेरून एपॉक्सी थापणं हा तात्पुरता उपाय आहे. ओल्या पृष्ठभागावर ती नीट धरत नाही. झिरी मारून पाईप मोकळा करावा, खराब तुकडा कापावा आणि नवा तुकडा सरकवता येणाऱ्या कपलरने बसवावा, कारण दोन्ही टोकं भिंतीत अडकलेली असताना पाईप मागे-पुढे होत नाही. सॉल्व्हंट सिमेंट लावायचं असेल तर दोन्ही तोंडं पूर्ण कोरडी हवीत. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत शिरतात आणि द्रावक उडाल्यावर तिथे एकजीव प्लास्टिक उरतं. मध्ये पाण्याचा थर राहिला तर हे मिसळणं अपुरं राहतं.

झिरी लगेच बुजवू नये. जोड पुरता वाळू द्यावा, मग खालचं तोंड बोळ्याने बंद करून पाईप पाण्याने भरावा आणि पातळी उतरते का ते काही तास पाहावं. त्यानंतर भिंत उघडीच वाळू द्यावी, त्याला महिनेही लागतात. खार कोरड्या ब्रशने झाडावा, धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. ओल मोजण्याच्या यंत्राचा आकडाही जपून वाचावा. क्षार वीज वाहून नेतात, त्यामुळे वाळलेली भिंतही त्याला ओली भासते. आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत भिंत जवळजवळ वाळतच नाही, तेव्हा दुरुस्ती जूनमध्ये झाली असेल तर रंग दिवाळीनंतर लावावा.