अठराचे पंचवीस कसे करायचे?

मेसमध्ये गाड्यांचा विषय निघाला की अमेरिकन मसल कार येणारच. १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ, ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर! ऐकायला भारी वाटतं. पण तो आकडा 'ग्रॉस' होता. म्हणजे एअर फिल्टर, नेहमीचा सायलेन्सर वगैरे न लावता नुसतं इंजिन स्टँडवर चढवून मोजलेला. १९७२ पासून तिथल्या कंपन्या सगळं लावून मोजलेला 'नेट' आकडा देऊ लागल्या आणि कागदावरची पॉवर धाडकन खाली आली. तेव्हा मित्रांनो, टार्गेट ठरवण्याआधी पहिला प्रश्न हा की आकडा मोजायचा कुठे, क्रँकवर की मागच्या चाकावर? मधल्या चेन, क्लच, गिअरबॉक्समध्ये थोडी पॉवर जातेच.

आमच्या राणीसावरगावात (ता. गंगाखेड, जि. परभणी) मसल कार म्हणजे बुलेट. माझ्या चुलत भावाकडे, दादाकडे, जुनी कास्ट आयर्न इंजिनाची ३५० आहे. त्याला २५ हॉर्सपॉवर पाहिजेत. कापसाचे पैसे हातात आलेले, आणि कुणीतरी यादीही दिलेली: मोठा कार्बोरेटर, हाय कॉम्प्रेशन पिस्टन, मोकळा सायलेन्सर. "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग यातलं काय घेऊ ते सांग," असं दादाने म्हटल्यावर वही उघडणं आलं.

सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, की हॉर्सपॉवर मिळतात. त्यामुळे पॉवर वाढवायचे रस्ते दोनच: दर स्ट्रोकला जास्त जोर काढा, नाहीतर इंजिन जास्त फिरवा. रॉयल एनफिल्डचीच दोन इंजिनं बघा. नंतरची ५०० (युनिट कन्स्ट्रक्शनवाली) ४१.३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायची, हिमालयन ४५० चा टॉर्क ४०. जवळजवळ सारखाच. पण पहिलीची कमाल पॉवर २७ हॉर्सपॉवर, तीही ५२५० आरपीएमला, आणि दुसरीची ४० च्या आसपास, कारण ती ८००० पर्यंत फिरते.

मग दादाची बुलेटही फिरवू की जोरात? इथेच गाडी अडते. जुन्या ३५० चा बोअर ७० मि.मी., स्ट्रोक तब्बल ९० मि.मी., पॉवर १८ हॉर्सपॉवर, ५६२५ आरपीएमला. त्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १७ मीटर होतो. फक्त आरपीएमच्या जोरावर २५ गाठायचे तर ७८०० च्या वर जावं लागेल, म्हणजे पिस्टनचा वेग २३ मीटरच्या पुढे. पिस्टनला थांबवून उलटा फिरवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे कनेक्टिंग रॉडवरचा ताण जवळजवळ दुप्पट! त्यात या इंजिनात रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. तो बसला की घाटात गाडी ढकला. हा रस्ता मी पहिल्या पानावरच खोडला.

कॉम्प्रेशनचं काय? मूळ रेशो ५.५. तो ८.५ केला तर ऑटो सायकलच्या हिशेबाने एफिशियन्सी ४९ टक्क्यांवरून ५७ वर जाते, म्हणजे कामात साधारण १६ टक्के वाढ. हे झालं कागदावर. कंपनीने स्वतः त्याच ३४६ सी.सी.ला ८.५ चा रेशो आणि नवं इग्निशन दिलं, तर मिळाले १९.८ हॉर्सपॉवर. २०२१ च्या क्लासिक ३५० चं इंजिन तर कोरं करकरीत, रेशो ९.५, तरी २०.२! जिथे कंपनीची अख्खी टीम २० च्या आसपास थांबते, तिथे आपला कार्बोरेटर २५ करणार नाही. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो हे मात्र खरं, आणि बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं.

राहिलं ते मोठं इंजिन. ९० मि.मी. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८४ केला की ४९९ सी.सी. होतात. पण त्यासाठी नुसता पिस्टन बदलून भागत नाही, सिलेंडर, हेड सगळंच बदलावं लागतं, शिवाय आरसी बुकातली सी.सी. एक आणि गाडीतली दुसरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच्या आड येतं. एवढं करूनही जुनी कास्ट आयर्न ५०० द्यायची २२ च.

आता आपल्या हवेचं बघू. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर आहे, तेवढ्याने हवा तीनेक टक्के विरळ. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की २५ अंशाच्या मानाने आणखी पाच टक्के. म्हणजे १८ मधला दीड हॉर्सपॉवर उन्हातच गेला. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. आपलाच ऊस टाकीत येतो म्हणा ना. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. मोठा मेन जेट आणि इथेनॉलला टिकणारे रबरी पाईप, ही दोन कामं यादीत नव्हती. ती मी सगळ्यात वर लिहिली.

मग दादाला विचारलं, तुला पॉवर नेमकी कुठे कमी पडते? तर डबलसीट, वर खताची बॅग, आणि चढावर. तिथे २५ चा संबंधच नाही, मागच्या चाकावरचा जोर पाहिजे. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटचे १६ दात असतील तर १५ करा, प्रत्येक गिअरमध्ये साडेसहा टक्के ओढ जास्त. टॉप स्पीड तेवढाच घटतो, पण आमच्या रस्त्यावर तो लावणार कोण?

त्याआधी कॉम्प्रेशन गेज लावून बघ म्हटलं. लावला, तर प्रेशर बरंच कमी. प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडून परत बघितलं तर वाढलं. म्हणजे व्हॉल्व्ह बरे, रिंगा आणि सिलेंडर झिजलेले. मूळचे १८ च पूर्ण मिळत नव्हते, आणि चर्चा २५ ची.

सिलेंडर रिबोअर करून अर्धा मि.मी. ओव्हरसाइज पिस्टन बसवला. बोअर ७०.५ झाला. ३५१ सी.सी. होतात हे मीच त्याला हिशेब करून दाखवलं, आणि आता तो गावभर तेवढंच सांगत फिरतो.