बुरशीचे धान्य आणि आतड्याचे आरोग्य

पीक पक्व होत असताना पाऊस लागून राहिला म्हणजे खरिपाची ज्वारी काळी पडते आणि मक्याच्या कणसांवर पांढरी, गुलाबी अथवा हिरवट बुरशी चढते. अशा धान्यास बाजारात भाव येत नाही. म्हणून ते पुष्कळदा घरीच खाल्ले जाते, मजुरीत दिले जाते किंवा जनावरांपुढे टाकले जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सिल्लोड या भागांत मका मोठ्या प्रमाणावर होतो. तेव्हा अशा धान्याने आतड्याची कोणती हानी होते, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

१९९५ ची साथ

१९९५ साली दख्खनच्या पठारावरील २७ गावांत पोटात कळा येणे, पोट गुडगुडणे आणि जुलाब होणे अशी साथ उद्भवली. अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेल्या ज्वारीच्या वा मक्याच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, तेच आजारी पडले. त्यांच्या घरांतील धान्य तपासता त्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीजन्य विष आढळले. तेच धान्य कोंबडीच्या पिलांना चारले असता त्यांनाही हगवण लागली. ते धान्य खाणे बंद करताच माणसे बरी झाली. मराठवाडाही याच पठारावर आहे, हे ध्यानात ठेवावे.

आतड्याची डागडुजी

आतड्याच्या आतील बाजूस पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. ते अन्नरस रक्तात जाऊ देते आणि रोगजंतूंना अडवून धरते. या पेशी सतत झिजून गळतात व साधारणतः ३ ते ५ दिवसांत नव्या पेशी त्यांची जागा घेतात. घरातील जमीन जशी वरचेवर सारवावी लागते, तसेच हे काम आहे.

बुरशीची विषे याच कामात खोडा घालतात. पेशींच्या आवरणास लागणारी काही स्निग्ध द्रव्ये तयार होण्याची क्रिया फ्युमोनिसिन बंद पाडते. गहू व मका यांवरील बुरशीचे डिऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष पेशींतील प्रथिने तयार होऊ देत नाही. पेशींमधील सांधे सैल होतात आणि अस्तराची अडवण्याची शक्ती घटते, असे जनावरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. विष एकदाच पोटात गेले तर आतडे आपली डागडुजी करून घेते; परंतु तेच धान्य रोज पोटात जात राहिले तर त्यास ती संधी मिळत नाही. वाढत्या वयाच्या मुलांस याचा धोका अधिक.

मका व भुईमूग यांवरील अफ्लाटॉक्सिन हे विष आतड्यातून रक्तात जाऊन मुख्यतः यकृत बिघडवते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत असा मका खाल्ल्याने कावीळ होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. आज अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार एक किलो धान्यात अफ्लाटॉक्सिन १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

काय करावे

१. भाकरी भाजल्याने वा धान्य शिजवल्याने ही विषे पुरती नष्ट होत नाहीत. धान्य धुऊन वा पुसून बुरशी दिसेनाशी झाली, तरी आत उतरलेले विष राहतेच.

२. कापणीनंतर कणसे ओल्या जमिनीवर पसरू नयेत. ताडपत्रीवर अथवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवावीत. बुरशीची कणसे मळणीपूर्वीच वेगळी काढावीत.

३. मका साठविताना त्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांहून अधिक नसावा. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेस चिकटले तर धान्य निश्चित ओले समजून आणखी वाळवावे.

४. धान्य चाळून, पाखडून घ्यावे. फुटके दाणे व भुसा यांतच विषाचे प्रमाण अधिक असते. पोती भिंतीस टेकवू नयेत. ती लाकडी फळ्यांवर रचावीत.

५. बुरशीचे धान्य चांगल्या धान्यात मिसळू नये. त्याने सर्वच धान्य धोक्याचे होते.

६. असे धान्य दुभत्या जनावरांस देऊ नये. अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. कोंबड्या व घोड्यांसही ते चारू नये.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

एकाच धान्याची भाकरी खाणाऱ्या अनेक घरांत एकाच वेळी जुलाब लागले, तर पाण्याबरोबर धान्याचीही चौकशी करावी. ते धान्य ताबडतोब बंद करावयास सांगून त्याचा नमुना राखून ठेवावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. रोग्यास जलसंजीवनी द्यावी. कावीळ वा शौचात रक्त दिसल्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

काळे पडलेले धान्य टाकून देणे कष्टकऱ्याच्या जिवावर येते, हे खरे. म्हणूनच सारा भर वेळेवर कापणी आणि कसून वाळवणी यांवर हवा. आतड्यास आपली डागडुजी करता येते; त्यास निर्मळ अन्न मिळेल एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.