खोक्यातली खरोलिका

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली. काचेवरची रंगीत चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा! आजचा घरगुती प्रोजेक्टर याच तत्त्वावर चालतो.

बुटांच्या खोक्याला 20 सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग बसवा. त्याच्यामागे 22 सेंटीमीटरवर मोबाइल ठेवला, की 220 सेंटीमीटरवरच्या भिंतीवर दसपट मोठे चित्र उमटते. भिंग चित्र उलटे करते, म्हणून फोनच उलटा ठेवायचा. तरीही अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. लांबी-रुंदी दसपट म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. तेवढाच प्रकाश पसरल्याने चित्र फिके पडते, म्हणून खोलीत मिट्ट काळोख हवा.

इथे अनेकांना जास्त प्रखर दिवा लावायचा मोह होतो. मात्र मोठा एलईडी चांगलाच तापतो. त्याला उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी आणि पंखा लागतो, पुठ्ठा दूरच ठेवावा. जुना प्रोजेक्टर उघडणे तर टाळाच. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो. मोबाइल आणि भिंगावर भागत असेल, तर घरातल्या विजेला हात कशाला लावायचा?