लाल मुनिया : पावसाळ्यात व्हायरल होणारा हा पक्षी उन्हाळ्यात जातो कुठे?

पावसाळ्यात इन्स्टाग्रामवर एक फोटो हमखास फिरू लागतो. गवताच्या वाकलेल्या तुऱ्यावर बसलेला, कुंकवाच्या रंगाचा, अंगावर पांढरे ठिपके असलेला इवलासा पक्षी. खाली कमेंट्सही ठरलेल्या असतात : 'एआय आहे', 'हा भारतातला नाही' आणि 'भाऊ, कुठे मिळेल? किंमत?'

पहिल्या दोन कमेंट्स चुकीच्या आहेत. तिसरी थेट गुन्ह्याकडे नेणारी आहे.

हा पक्षी म्हणजे लाल मुनिया. मराठीत त्याला लाल मनोली असंही म्हणतात. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षा बराच लहान. वजन साधारण १० ग्रॅम. गवताळ माळरानं, पाणथळ जागेजवळचं उंच गवत, उसाचे फड या त्याच्या आवडत्या जागा. मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरातही पक्षीनिरीक्षक त्याच्या शोधात जातात.

उन्हाळ्यात दिसत का नाही?

दिसतो, पण ओळखू येत नाही. लाल रंग फक्त नराचा आणि तोही विणीच्या काळापुरता. पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने हा वीण हंगाम. तो संपला की नर लाल पिसं टाकतो आणि मादीसारखा तपकिरी होतो. मुनियांच्या कुळात असा ऋतूनुसार वेश बदलणारे पक्षी फारच कमी आहेत. चोचही रंग बदलते. ती पावसाळ्याच्या तोंडावर लाल होऊ लागते आणि हिवाळ्यात पुन्हा काळपट पडते.

पावसाळाच का? कारण पोटाचं गणित. मुनिया प्रामुख्याने गवताचं बी खाते. पावसानंतर गवत वाढतं, बी धरतं आणि पिल्लांना भरवायला चारा मिळतो. मिळाले तर वाळवीसारखे कीटकही ती सोडत नाही.

मादी कशी ओळखायची?

लाल नर कुणीही ओळखेल. खरी परीक्षा मादीची. वरून राखाडी-तपकिरी, पोटाकडे फिकट, डोळ्याजवळ काळी रेघ, पंखांवर मोजके पांढरे ठिपके. नजर न्यायची ती शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या टोकाला. तिथे लाल रंग दिसला तर ती लाल मुनियाच. बिनलाल वेशातल्या नरालाही हीच खूण लागू पडते. लहान पिल्लांना मात्र हा लाल डागही नसतो आणि त्यांची चोच काळपट असते. अशा वेळी थव्यातल्या मोठ्या पक्ष्यांकडे पाहणं सोपं.

गोंधळ बहुतेकदा ठिपकेवाल्या मुनियेशी होतो. तिच्या पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते आणि चोच जाड, काळसर. फोटोत पोटावर खवले दिसत असतील तर 'लाल मुनियाची मादी' अशी कॅप्शन टाकू नका.

नावात अहमदाबाद

या पक्ष्याचं इंग्रजी नाव 'रेड अवडवट'. हा शब्द आला 'अहमदाबाद'वरून. एकेकाळी तिथून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून परदेशी पाठवले जायचे. लिनियसने १७५८ साली दिलेल्या 'अमंडवा' या शास्त्रीय नावातही त्याच शहराच्या नावाचा अपभ्रंश आहे. आज स्पेन, फिजी आणि हवाईत लाल मुनिया मोकळ्या दिसतात, त्याही माणसांनी नेलेल्या पक्ष्यांच्याच वंशज. म्हणजे व्यापार या पक्ष्याच्या नावालाच चिकटलेला आहे.

तो भारतात अजून पूर्ण थांबलेला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडच्या मुनिया पकडणं, विकणं, विकत घेणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे. 'मी पकडला नाही, पैसे देऊन आणलाय' ही सबब चालत नाही. बाजारात हिरव्या-गुलाबी 'कलर बर्ड्स'च्या नावाखाली साध्या तपकिरी मुनिया रंगवून विकल्याचे प्रकारही समोर आले आहेत. बजरीगर किंवा झेब्रा फिंच हे परदेशी पाळीव पक्षी वेगळे, त्यांच्याशी यांची गल्लत नको. मुनिया विकताना कुणी दिसलं तर महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

पिंजऱ्याइतकाच धोका 'पडीक' शब्दाचा

लाल मुनिया जगभर संकटग्रस्त मानली जात नाही. पण ती जिथे राहते ती माळरानं सरकारी कागदावर अनेकदा 'पडीक जमीन' असतात. मग तिथे प्लॉटिंग होतं, सोलर प्रकल्प येतो, नाहीतर मोठ्या हौसेने झाडं लावली जातात. शेवटचं ऐकायला छान वाटतं, पण गवताच्या बियांवर जगणाऱ्या पक्ष्याला दाट झाडीचा काय उपयोग? ही माळरानं म्हणजे तुटलेली जंगलं, हा समजही तपासून घ्यायला हवा. जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख तपासणाऱ्या संशोधकांना पश्चिम महाराष्ट्रात शेकडो वर्षांपूर्वीही बाभळी-गवताचा असाच मोकळा मुलूख आढळला.

आणि फोटो काढायला जाणार असाल तर एवढं लक्षात असू द्या : मुनियेचं घरटं हे गवताच्या पात्यांचा गोल गोळा असतं, तेही जमिनीपासून फार उंच नाही. चांगल्या फ्रेमसाठी आजूबाजूचं गवत वाकवलं की ते उघडं पडतं. घरट्याचा फोटो आणि अचूक लोकेशन दोन्ही टाळलेलं बरं. कमेंटमध्ये किंमत विचारणारेही ते वाचत असतात.